जड आणि हलके बरोबर का पडतात?

(प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान शिबिरातील व्याख्यान)



"जड वस्तू आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकदम सोडल्या, तर त्या एकाच वेळी जमिनीवर पोहोचतात," हे वाक्य आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे शिकविले जात आहे. मुले ते पाठ करतात, परीक्षेत उतरवितात आणि गुण मिळवितात. त्यापुढे 'कारण द्या' असे विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर येते : "कारण पृथ्वी सर्व वस्तूंना सारख्याच बलाने ओढते." या दोन वाक्यांविषयीच आज मला आपणांशी बोलावयाचे आहे. पहिले वाक्य, जसे शिकविले जाते तसे, आपल्या गावात खरे नाही. दुसरे तर कोठेच खरे नाही. आपल्या गावात नाही, चंद्रावर नाही आणि अन्य कोणत्याही ग्रहावरही नाही.

पहिल्या वाक्यापासून आरंभ करू. आपल्या वर्गात बसलेले मूल शाळेत येण्यापूर्वी हजारो वस्तू पडताना पाहून आलेले असते. पिंपळाचे पान गिरक्या घेत उतरते आणि दगड धपकन पडतो, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. त्यातून ते शेतकऱ्याचे मूल असेल, तर त्याने खळ्यावर धान्याला वारे देतानाही पाहिलेले असते. घरातील कर्ता माणूस उंच तिवईवर उभा राहून सुपातून धान्याची धार सोडतो. दाणे सरळ खाली पडून रास होते आणि भूस वाऱ्यावर लांब जाऊन पडते. वारा पडला की सगळे काम थांबते. अलीकडे मळणीयंत्रे आली, पण त्यांतील पंखाही तेच काम करतो. जड दाणा आणि हलके भूस खरोखरच सर्व परिस्थितींत बरोबर पडत असते, तर दाण्यापासून भूस वेगळे करण्याची ही रीत अस्तित्वातच आली नसती.

असे मूल वर्गात येते आणि गुरुजी त्यास सांगतात की जड व हलके बरोबर पडते. मूल वाद घालीत नाही. गुरुजी सांगतात ते लिहून घेते. परंतु त्याच्या मनात एक गोष्ट कायमची घर करते : शाळेतले खरे निराळे आणि खळ्यावरचे खरे निराळे. परीक्षेपुरते पहिले वापरावे, जगण्यासाठी दुसरे. माझ्या मते प्राथमिक शाळेतील विज्ञानशिक्षणाची यापेक्षा मोठी हानी दुसरी नाही. आणि ती एखाद्या अवघड सिद्धांतामुळे होत नाही, अर्धवट सांगितलेल्या एका सोप्या वाक्यामुळे होते. म्हणून ज्या मुलाने "हलकी वस्तू उशिरा पडते" असे लिहिले, त्याच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे : "तू काय पडताना पाहिलेस?"

मुलाचे म्हणणे किती खरे आहे, हे आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात पाहावे. गगनबावड्याच्या बाजूस जो पाऊस कोसळतो त्यातील टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर येतो. बुरबुर पावसाचा बारीक थेंब सेकंदाला सुमारे २ मीटरच येतो. आणि धुक्यातील कण तर इतके सावकाश उतरतात की ते तरंगत आहेत असेच वाटते. मोठा थेंब जलद आणि लहान थेंब मंद, हे अगदी उघड आहे. हे सर्व थेंब एकाच पाण्याचे. मग फरक कोणी केला? हवेने. पडणाऱ्या वस्तूस हवा खालून विरोध करते. वेग वाढतो तसा हा विरोधही वाढतो. आणि तो थेंबाच्या वजनाइतका झाला की वेग वाढणे थांबते. लहान थेंबाच्या वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे त्याचा वेग लवकरच स्थिरावतो. मोठ्या थेंबास तेथवर पोहोचण्यास अधिक वेग घ्यावा लागतो.

हवा नसती तर काय झाले असते, याचा हिशेब वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेण्यासारखा आहे. एक किलोमीटर उंचीच्या ढगातून सुटलेला थेंब जमिनीवर येताना सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे तासाला सुमारे ५०० किलोमीटर वेगाने आला असता. उसाचे पान, भाताचे रोप, कौलारू छप्पर यांची काय अवस्था झाली असती ते मुलेच सांगतील. आणि त्या स्थितीत बुरबुर आणि वळीव यांच्या वेगात काहीही भेद राहिला नसता. तेव्हा आपले पहिले वाक्य दुरुस्त करून असे म्हणावयाचे : हवेचा विरोध नसेल, किंवा वस्तूच्या वजनाच्या मानाने तो नगण्य असेल, तर जड व हलक्या वस्तू बरोबर पडतात. हे 'नसेल तर' गाळले की वाक्य खोटे होते.

आता मुलांना हवा बाजूस सारावयास शिकवावे. त्यासाठी वहीचा एक कोरा कागद पुरतो. कागद आडवा धरून सोडा. तो हेलकावे खात उतरेल. तोच कागद चुरगाळून त्याची घट्ट गोळी करा व सोडा. ती खड्यासारखी पडेल. वजन तर रतीभरही बदललेले नाही! म्हणजे कागदाचे मंद पडणे हे त्याच्या हलकेपणाचे फळ नव्हते, पसरटपणाचे होते. हा प्रयोग मी सर्वांत वर ठेवतो. काही शिक्षक पुस्तकावर कागदाचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र सोडतात. कागद पुस्तकाला चिकटल्यासारखा खाली येतो हे खरे. पण एखादा चौकस मुलगा म्हणेल की पुस्तकामागून येणाऱ्या हवेच्या झोताने कागद ओढला गेला, आणि त्याचा हा आक्षेप योग्य आहे. त्या मुलास गप्प बसवू नये.

त्यानंतर दोन दगड घ्यावेत, एक नारळाएवढा व एक लिंबाएवढा. दोन्ही दगड हवेला पुरून उरणारे आहेत. मात्र ते दोन हातांत धरून सोडू नयेत. जड दगड घट्ट धरावा लागतो, त्यामुळे त्या हाताची पकड सुटावयास किंचित उशीर होतो आणि लहान दगड आधी सुटतो. दोन्ही दगड फळीच्या कडेवर ठेवून मागून पट्टीने एकदम ढकलावेत. खाली पत्र्याचा तुकडा ठेवावा आणि मुलांना डोळे मिटून ऐकण्यास सांगावे. अशा बाबतीत डोळ्यापेक्षा कान अधिक विश्वासू असतो. एक आवाज झाला की दोन, हे सर्व वर्गाला एकदम कळते.

हवा मुळीच नसलेल्या जागी हा प्रयोग करण्याची संधी माणसाला २ ऑगस्ट १९७१ रोजी मिळाली. अपोलो-१५ या यानातून चंद्रावर उतरलेले अमेरिकन अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर एका हातात हातोडा व दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरून दोन्ही एकदम सोडली. हातोडा सुमारे १.३ किलोग्रॅमचा, पीस त्याच्या मानाने अगदीच हलके. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकेच असल्याने दोन्ही वस्तू संथपणे उतरल्या आणि धुळीवर बरोबर टेकल्या. ही चित्रफीत आज कोणत्याही शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पाहावयास मिळते. ती अवश्य दाखवावी, परंतु कागदाच्या व दगडांच्या प्रयोगानंतर. आधी दाखविल्यास मुले 'चंद्रावर असे होते' एवढेच लक्षात ठेवतात.

येथवर 'काय होते' ते झाले. आता 'का होते'. हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

"पृथ्वी सर्वांना सारख्याच बलाने ओढते" हे उत्तर किती चुकीचे आहे, ते कोणत्याही वाण्याच्या दुकानात कळेल. पृथ्वी ज्या बलाने वस्तूस ओढते त्यालाच आपण वजन म्हणतो. दहा किलोचा गुळाचा रवा उचलताना आणि एक किलोची ढेप उचलताना हाताला जो फरक कळतो, तो पृथ्वीच्या ओढीचाच फरक होय. रव्याला पृथ्वी दहापट ओढते. येथे चौकस मूल विचारील : मग दहापट ओढलेला रवा अगोदर का पडत नाही? गुरुजींनी ज्याचे स्वागत करावे असा हा प्रश्न आहे. पृथ्वी सारखेच ओढते असे एकदा सांगून टाकले, की हा प्रश्न मुलाला सुचणेच बंद होते.

उत्तर असे आहे. वस्तूच्या अंगी दोन गुण असतात. पृथ्वीने ओढले जाणे हा एक. दुसरा, आपली स्थिती सोडण्यास नाखूष असणे. थांबलेली असेल तर हलण्यास आणि चालत असेल तर थांबण्यास. या दुसऱ्या गुणाला जडत्व म्हणतात. वजन आणि जडत्व यांची गल्लत होऊ नये म्हणून एक साधा प्रयोग सांगतो. धान्याचे भरलेले पोते तुळईला दोरीने टांगावे. आता त्याचे सर्व वजन दोरीने पेलले आहे. ढकलणाऱ्यास ते उचलावयाचे नाही. तरीही त्यास बाजूने एकदम ढकलून पाहा. हाताला चांगलाच विरोध जाणवेल. रिकामे पोते टांगले तर बोटाच्या धक्क्याने उडते. वजनाशी ज्याचा संबंध राहिलेला नाही असा हा जो विरोध, तेच जडत्व.

आता बैलगाडीकडे वळू. उसाने भरलेली एक गाडी आणि तिला एक बैलजोडी. जोडीने जोर केला की गाडी एका ठराविक चालीने वेग घेऊ लागते. अशाच दहा गाड्या, प्रत्येकीस तशीच एक जोडी, शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि दहाही एकदम निघाल्या, तर त्या बरोबरच वेग घेतील. आता या दहा गाड्या एकमेकींस दोरांनी बांधा. जुळून झालेली ही प्रचंड गाडी दहापट जड आहे, म्हणून ती हलविणे दहापट कठीण. पण तिला ओढणाऱ्या जोड्याही दहाच आहेत. ती एका गाडीपेक्षा जलद का जावी, किंवा सावकाश तरी का जावी? पडणाऱ्या वस्तूंचे असेच आहे. वस्तूच्या प्रत्येक कणामागे पृथ्वीने जणू एक स्वतंत्र बैलजोडी जुंपून ठेवली आहे. कण वाढले की ओझे वाढते आणि त्याच प्रमाणात जोड्याही वाढतात. म्हणून प्रत्येक सेकंदाला वेगात पडणारी भर, जिला आपण त्वरण म्हणतो, ती रव्याची आणि ढेपेची एकच राहते. आपल्या कोल्हापूर परिसरात ही भर सेकंदाला सुमारे ९.७८ मीटर प्रतिसेकंद इतकी आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना ती किंचित वाढत जाते, म्हणून पुस्तकांतून ९.८ हा सोयीचा आकडा देतात. त्याप्रमाणे वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर आणि दोन सेकंदांत मिळून सुमारे १९.६ मीटर पडते. वस्तू कितीही जड असो.

याच विचाराची एक देखणी मांडणी इटलीतील गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली आहे. जड वस्तू जलद व हलकी मंद पडते असे घटकाभर मानू. मग एक जड व एक हलका दगड एकत्र बांधून सोडला तर काय होईल? हलका दगड जड दगडाला मागे खेचील, म्हणून जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडावी. पण जोडीचे वजन तर एकट्यापेक्षा अधिक, म्हणून ती जलद पडावी. एकाच गृहीतातून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघाले, तेव्हा गृहीतच चुकीचे. सातवीच्या मुलांपुढे हा वाद जरूर घालावा. मुले त्यात रमतात. गॅलिलिओने पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून गोळे टाकले ही कथा त्याच्या विव्हियानी नावाच्या शिष्याने नंतर लिहिली असून, ती घडलीच असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र हॉलंडमध्ये सायमन स्टेविन याने १५८६ च्या सुमारास एकमेकांच्या दहापट वजनाचे शिशाचे दोन गोळे सुमारे ३० फुटांवरून फळीवर टाकून त्यांचा एकच आवाज ऐकल्याचे नमूद आहे. पत्र्यावर दगड टाकणारी आपली मुले त्याच वाटेने जात आहेत.

येथे आपल्या भास्कराचार्यांचा उल्लेख करावयास हवा. कारण विज्ञानदिनाच्या भाषणांतून त्यांचे नाव या विषयाशी जोडले जाते. सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या या ज्योतिर्विदाने ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीत, पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून ती आकाशातील जड पदार्थ आपणाकडे ओढते व म्हणून तो पडतो असे दिसते, असे स्वच्छ सांगितले आहे. आणि सभोवार आकाश सारखेच असताना पृथ्वीने स्वतः कोठे पडावे, असा मार्मिक प्रश्नही केला आहे. हे मोठेच द्रष्टेपण होय. परंतु ती ओढ किती, वस्तुमानाशी तिचे प्रमाण काय, वेग कसा वाढतो, हे त्यांनी सांगितलेले नाही. जे त्यांनी सांगितले तेच मुलांना अभिमानाने सांगावे. जे सांगितले नाही ते त्यांच्या नावावर घालू नये. त्यांच्या थोरवीला अशा उसनवारीची गरज नाही.

बैलजोडीच्या दृष्टांतात एक जागा मात्र मोकळी राहिली आहे, आणि ती आपल्यापैकी काहींच्या लक्षात आली असेल. रवा आणि ढेप दोन्ही गुळाचीच. दहा गाड्याही एकाच प्रकारच्या. पण एक वस्तू लोखंडाची व दुसरी लाकडाची असेल तर? लोखंडाच्या कणाचे ओझे आणि त्याची बैलजोडी यांचे जे प्रमाण, तेच लाकडाच्या कणाचेही असेल हे कशावरून? केवळ विचाराने हे सिद्ध होत नाही. गॅलिलिओचा बांधलेल्या दगडांचा वादही येथे पुरा पडत नाही. येथे निसर्गालाच विचारले पाहिजे.

न्यूटनने ते विचारले. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात त्याने हा प्रयोग दिला आहे. दोन सारख्या गोल लाकडी पेट्या ११ फूट लांबीच्या सारख्या दोऱ्यांना टांगून त्याने त्यांचे लंबक केले. एका पेटीत लाकूड भरले आणि दुसरीत तितक्याच वजनाचे सोने. पुढे सोन्याच्या जागी चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहूसुद्धा घालून पाहिला. झोका म्हणजे दोरीने अडविलेले पडणेच होय. म्हणून पडण्यात फरक असेल तर तो झोक्यात दिसलाच पाहिजे. सरळ पडणे क्षणात संपते, झोके मात्र कितीतरी वेळ मोजता येतात आणि लहानसा फरकही साठत साठत मोठा होतो. पेट्या बाहेरून सारख्या, म्हणून हवेचा विरोधही सारखाच. न्यूटनला दोन्ही लंबक फार वेळ जोडीने जाता-येताना दिसले. हजारांत एका भागाचा फरक असता तरी तो कळला असता, असे त्याने लिहिले आहे. त्यानंतर ही कसोटी उत्तरोत्तर काटेकोर होत गेली. २०१६ साली फ्रान्सने 'मायक्रोस्कोप' नावाचा उपग्रह केवळ याच कामासाठी सोडला. त्यात प्लॅटिनम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूंचे दोन ठोकळे पृथ्वीभोवती अखंड 'पडत' ठेवले होते. २०२२ मध्ये त्याचे अखेरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकावर पंधरा शून्ये दिल्यास जी संख्या होईल, तितक्या भागांतील काही मोजक्या भागांइतकाही फरक आढळला नाही.

इतक्या सूक्ष्म मापापर्यंत ओढ आणि जडत्व जुळून यावेत, हा निव्वळ योगायोग असेल काय? न्यूटनने ही जुळणी मापली, तिचे कारण दिले नाही. १९०७ साली आइन्स्टाइन यांना सुचले की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचे वजन जाणवतच नाही. त्याच्या खिशातून निसटलेली वस्तू त्याच्या शेजारीच राहील, मग ती कशाचीही असो. मग पडणे ही ओढले जाण्याची अवस्था कशावरून मानावी? कदाचित मोकळेपणाने जाणे म्हणतात ते हेच असेल. या विचारातून १९१५ साली त्यांचा व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत पूर्ण झाला. त्यानुसार पृथ्वीच्या वस्तुमानामुळे भोवतालच्या अवकाश-काळाला वळण पडलेले असते आणि प्रत्येक मोकळी वस्तू त्या वळणाने जाते. वाटच ठरलेली असल्यावर जाणारा सोन्याचा आहे की गव्हाचा, याने वाट बदलत नाही.

आणि या विषयाशी आपल्या कोल्हापूरचा फार जवळचा संबंध आहे. १९०८ साली कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला उच्च गणित शिकून १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले. व्यापक सापेक्षता जाणणारी माणसे भारतात बोटांवर मोजण्याइतकी असण्याचा तो काळ. त्या काळात त्यांनी तेथे या विषयाच्या संशोधनाची परंपरा उभी केली. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर यांचाही जन्म कोल्हापुरातच, १९ जुलै १९३८ रोजी झाला. १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्यातील मध्यवर्ती कल्पना आपल्या टांगलेल्या पोत्यावरून सांगता येईल : पोते ढकलताना हाताला जो विरोध जाणवतो तो एकट्या पोत्याचा नसून, विश्वातील यच्चयावत दूरदूरच्या पदार्थांमुळे पोत्याला लाभलेला आहे. हा सिद्धांत सर्वमान्य झाला नाही. परंतु जडत्व येते कोठून, हा प्रश्न त्यांनी जगातील शास्त्रज्ञांपुढे नेटाने ठेवला. पुढे १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभारून तिचे पहिले संचालकपद त्यांनी सांभाळले आणि मराठीत मुलांसाठी व मोठ्यांसाठी विपुल लिहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या वर्गातील मूल जेव्हा "रवा अगोदर का पडत नाही?" असे विचारते, तेव्हा ते याच गावात जन्मलेल्या या पितापुत्रांच्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर उभे असते, हे त्यास सांगावयास हरकत नाही.

आइन्स्टाइनचा भाग प्राथमिक वर्गांसाठी नाही, शिक्षकांच्या माहितीसाठी आहे. चौथीपर्यंत कागद आणि दगड पुरेत. पाचवीपासून पुढे बैलगाड्या व टांगलेले पोते घ्यावे. न्यूटनचा लंबक मात्र प्रत्येक शाळेत व्हावा असा माझा आग्रह आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही. त्याची रीत सांगून माझे बोलणे संपवितो.

झाकणाचे दोन सारखे डबे घ्यावेत. दोरी न ताणणारी असावी. नायलॉनची ओझ्याने लांबते, ती नको. व्हरांड्याच्या तुळईला किंवा न हलणाऱ्या जाड फांदीला, हातभर अंतर सोडून दोन्ही डबे टांगावेत. टांगण्याच्या जागेपासून डब्याच्या मध्यापर्यंत लांबी अडीच मीटर ठेवावी आणि ती दोहोंची काटेकोर सारखी असावी. यात एका इंचाचा फरक राहिला तरी पन्नास झोक्यांत एक डबा दुसऱ्याच्या पाव झोका पुढे जाईल आणि मुले भलताच निष्कर्ष काढतील. प्रथम एक डबा वाळूने आणि दुसरा भुसाने गच्च भरावा; अर्धवट भरल्यास वजनाचा मध्य खाली सरकतो व लांबी बदलते. दुसऱ्या खेपेस वजन सारखे आणि पदार्थ निराळे घ्यावेत. एका डब्यात गहू भरावेत. दुसऱ्यात तितक्याच वजनाचे खिळे चिंधीत बांधून डब्याच्या बरोबर मध्यावर बसवावेत आणि भोवती कागद कोंबावा. फळीने दोन्ही डबे एकदम वीतभर मागे ओढून फळी झटकन काढून घ्यावी. वीस झोक्यांना सुमारे ६४ सेकंद लागतील. भुसाचा डबा हवेमुळे लवकर थकेल, त्याचा झोका लहान होत जाईल. तरी त्याचे जाणे-येणे वाळूच्या डब्याच्या तालावरच राहील, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे. मोजणी मुलांनीच करावी, दोन गट करून. एका गटाने एक डबा मोजावा, दुसऱ्याने दुसरा. आकडे फळ्यावर जसे येतील तसे लिहावेत. जुळले नाहीत तर पुसू नयेत. फूटपट्टी घेऊन आधी दोऱ्या मोजाव्यात.